मानधनाच्या पडद्याआड

एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली आणि दुसऱ्यांच्या लेकरांची वजने घेणारी अंगणवाडी सेविका ‘मानसेवी’ ठरली. कामाचे तास ठराविक, म्हणून काम अर्धवेळ, हा सरकारी युक्तिवाद! सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो फेटाळला; हे काम पूर्णवेळच आहे, असे स्पष्ट केले. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. त्यांत मानसेवी सेविका नव्हती. मग कुरुंदवाडच्या सेविकेचे मूल दुर्धर आजाराने कोल्हापूरच्या रुग्णालयात पडले, तर तिने मानधन राखावे की मुलाची उशी? भरपगारी रजा आणि बदली सेविका ही दयेची याचना नव्हे, श्रमाचा हक्क आहे. तो नाकारणाऱ्या शासनाने बालविकासाची भाषा बोलणे, हे निव्वळ ढोंग होय.