धूर म्हणजे वाया गेलेली ऊब

थंडीची पहिली बातमी बहुधा निफाडहून येते. पारा उतरला की शेकोटीभोवती बसलेल्या मंडळींचे छायाचित्र वर्तमानपत्रात हमखास झळकते. परसदारी बंबाशी वाकून फुंकर घालणारी घरातली बाई मात्र त्या छायाचित्रात नसते. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, खेडोपाडी गॅस पोहोचला. पण सिलिंडर पुरवून वापरणाऱ्या घरात तो चहा-भाजीपुरताच. पाच-सात माणसांच्या आंघोळीचे पाणी अजून लाकडावर तापते. आणि ऐन पौषात तक्रार ऐकू येते, 'लाकूड ढीगभर जळते, पण पाणी काही कढत होत नाही!'

दोष थंडीला दिला जातो. तिचा थोडा वाटा आहेच, कारण पाणी मुळातच गार असते. पण खरा चोर असतो लाकडातली ओल. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत वीस लिटर पाणी तीस अंशांनी तापते. म्हणजे दोन किलो ओले लाकूड जाळले की एका माणसाच्या आंघोळीची ऊब वाफ होऊन आभाळात जाते.

आपल्या आज्या-पणज्यांना किलोकॅलरी ठाऊक नव्हती, पण बेगमी ठाऊक होती. उन्हाळ्यात फोडून वाळवलेले सरपण मृगाआधी पडवीत रचले जाई. आता पडवी गेली. पावसाने भिजलेली लाकडे उघड्यावरच पडून राहतात आणि पाठोपाठ थंडी येते. द्राक्षाच्या काड्यांचेच पाहा. एप्रिलच्या छाटणीच्या काड्या झाकून ठेवल्या तर हिवाळ्यात छान पेटतात. ऑक्टोबरच्या ओल्या काड्या नुसत्या धुमसतात.

दुसरी गोष्ट हवेची. तांब्याच्या बंबाची रचना मला फार शहाणपणाची वाटते. मधोमध नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी. जाळीतून हवा वर ओढली जाते आणि जाळ नळीतून पाण्याला तापवत जातो. पण घाईघाईने नळी ठासून भरली, किंवा खालची राख काढली नाही, की हवेची वाट बंद होते. मग जाळ मरतो आणि धूर उरतो. धूर म्हणजे न जळलेले लाकूडच. मनगटापेक्षा बारीक ढलप्या, थोड्या थोड्या घातल्या, तर कमी लाकडात जास्त ताप मिळतो.

हा केवळ काटकसरीचा प्रश्न नाही. वाया गेलेली ऊब बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जाते, आणि लाकडाची वाढीव मोळीही बहुधा तिच्याच डोक्यावर असते. रात्री निखाऱ्यांची शेगडी खोलीत घेऊन दारे-खिडक्या लावणे तर जिवाशी खेळ. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. माणसे झोपेतच दगावतात.

चुलीला मागासलेली म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. गॅस सर्वांना पुरेसा परवडावा, हे खरेच. पण तोवर काय? चूल सुधारण्याचा विचार आपल्याकडे पूर्वीच झाला. वर्ध्याच्या मगनवाडीतली 'मगन चूल' त्याची साक्ष आहे. सरपणाच्या जागेचा विचार मात्र मागे राहिला, असे मला वाटते. सरकारी घरकुलाच्या नकाशात स्वयंपाकघर असते, न्हाणीघर असते. मग त्याला लागून सरपणासाठी चार पत्र्यांचा एक आडोसा का नसावा? त्याला खर्च फारसा नाही. हा आडोसा मागायला ग्रामसभा आहेच. आणि लाकडे फोडून, वाळवून तिथे रचण्याचे काम घरातल्या पुरुषांनी अंगावर घ्यायला तर कुठल्याच योजनेची वाट पाहावी लागत नाही.