सोबत कोण येणार?

सिंधुदुर्गातल्या घरात मोठं दुखणं आलं की पहिला प्रश्न डॉक्टर कोण, हा नसतो. पैशाचाही विचार नंतर होतो. आधी विचारलं जातं, सोबत कोण जाणार? मुलगा गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यात असेल तर पेशंट तिथल्या बांबोळीला जातो. मुलगा मुंबईत असेल तर परळला. मुलगी कोल्हापूरला दिली असेल तर तिथल्या सीपीआर रुग्णालयाला. आणि कुणीच नसेल तर बाजारपेठेतल्या खासगी डॉक्टरकडे, नाहीतर कुठेच नाही.

आरोग्य खात्याचा नकाशा मात्र वेगळ्या हिशोबाने आखलेला असतो. सपाटीवर ३०,००० लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० ला एक. त्यावर ग्रामीण रुग्णालय, त्यावर उपजिल्हा, त्यावर जिल्हा रुग्णालय. पेशंटने पायरीपायरीने वर चढावं अशी अपेक्षा. या हिशोबात डोकी मोजली आहेत, पण ती कुणाची आणि त्यांच्या घरात आणखी कोण उरलंय, हे मोजलेलं नाही.

कोकणात नेमकं तेच महत्त्वाचं आहे. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ४९ हजार भरली. दहा वर्षांपूर्वी ती ८ लाख ६८ हजार होती. सगळा देश वाढत असताना हा जिल्हा घटला, आणि शेजारचा रत्नागिरीही घटला. दर हजार पुरुषांमागे सिंधुदुर्गात १,०३६ बायका, रत्नागिरीत १,१२२. हा आकडा बघून कुणी स्त्री-सन्मानाचे गोडवे गाऊ नयेत. कमावते पुरुष मुंबईला, गोव्याला, आखातात गेले आणि मागे म्हातारी माणसं, सुना आणि शाळेतली पोरं राहिली, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे ज्यांना दवाखान्याची गरज जास्त ती माणसं गावात, आणि ज्यांनी त्यांना दवाखान्यात न्यायचं ती दुसरीकडे.

यावर नेहमीचं उत्तर असं, की लोक गरीब आहेत म्हणून सरकारी दवाखान्यात जातात आणि हातात चार पैसे आले की खासगीत. हे उत्तर अर्धंच खरं आहे. २०१७-१८ मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने देशभर विचारलं तेव्हा बाळंतपणं सोडून एका वेळच्या भरतीचा वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात सरासरी ४,४५२ रुपये निघाला, खासगीत ३१,८४५. सातपट फरक. तरीही भरती झालेल्यांपैकी ५५ टक्के लोक खासगीत गेले होते. आणि त्याच पाहणीनुसार खेड्यांतल्या शंभरांतल्या ८६ जणांना कसलंही आरोग्य विम्याचं कवच नव्हतं. म्हणजे कर्ज काढून, दागिना मोडून लोक सातपट महाग दारात जातात. त्यांना हिशोब कळत नाही असं समजणं हा आपला शहरी अहंकार झाला. खासगी डॉक्टर संध्याकाळी असतो, ओळखीचा असतो, अर्धे पैसे पुढच्या बाजाराला घेतो आणि एका फेरीत काम उरकतो. दोन फेऱ्या वाचल्या तर दोघांच्या दोन दिवसांच्या मजुऱ्या वाचतात. हा खर्च दवाखान्याच्या बिलात दिसत नाही, घरात दिसतो.

आता बांबोळीकडे येऊ. गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे वर्तमानपत्रांच्या भाषेत ‘गोमेकॉ’. त्याचं मूळ १८४२ मध्ये पोर्तुगीजांनी पणजीत काढलेल्या वैद्यकीय शाळेत. पणजीबाहेर बांबोळीच्या पठारावरचं त्याचं मोठं रुग्णालय गोव्यासाठी आहे, पण त्याच्या ओपीडीच्या रांगेत उभं राहिलं की मालवणी सर्रास कानावर पडते. सावंतवाडीहून ते साठेक किलोमीटर. ओरोसचं आपलं जिल्हा रुग्णालय त्याच्या निम्म्या अंतरावर. म्हणजे निदान सावंतवाडीकरांसाठी तरी अंतर हे कारण नाही. दोडामार्गहून मात्र बांबोळीच जवळ.

त्या रांगेत भेटलेल्या एका मामींना मी हाच भोचक प्रश्न विचारला. गाव बांद्याच्या पलीकडचं, वय सत्तरीच्या आसपास. हातात कापडदुकानाची प्लास्टिकची पिशवी. पिशवीत एक्स-रेचं पाकीट, रेशनकार्डाच्या झेरॉक्सा, जुने केसपेपर सुतळीने बांधलेले आणि स्टीलच्या डब्यात पेज. ओरोस जवळ पडलं नसतं का, म्हटलं. त्या म्हणाल्या, “ओरोसाक माझ्यावांगडा कोण येतलो? हयसर झील आसा. सांजचो कामावरसून सुटलो की डबो घेवन येता.”

एवढंच. त्यात गोमेकॉच्या कौतुकाचा शब्द नव्हता आणि ओरोसची निंदाही नव्हती. भरती करून घेतलं तर रात्री खाटेखाली चटई टाकून कोण झोपणार, औषधाची चिठ्ठी घेऊन कोण धावणार, याचं उत्तर त्यांच्यापाशी बांबोळीत होतं, ओरोसला नव्हतं. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याची पोरं रोज गोव्याला कामाला जातात किंवा तिकडेच खोली घेऊन राहतात. म्हापसा, पणजी, वेर्णा, आता मोपाचा विमानतळ. सोयरिकी तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या आहेत. सरकारी हद्द पत्रादेवीला लागते, नात्यांची लागत नाही.

गोव्यालाही याचा ताण येतो, हे मान्य करायला हवं. २०११ साली गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. एकट्या सिंधुदुर्गाची त्याच्या निम्म्याहून जास्त, आणि पलीकडून कारवारचे पेशंट येतात ते वेगळेच. १ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं. आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांचं म्हणणं होतं की गोव्याच्या करदात्याच्या पैशांतून आधी गोवेकराची सोय व्हावी. ते चूक म्हणता येत नाही. इकडे दोडामार्गला आंदोलन पेटलं. ‘आमच्या आरोग्याचं काय?’ हा सवाल लोकांनी गोव्याला कमी आणि मुंबईतल्या आपल्या सरकारला जास्त विचारला होता. पुढे महाराष्ट्राच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून तोडगा काढायच्या हालचाली झाल्या, ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. तरीही सकाळच्या बसमधून एक्स-रेची पाकिटं गोव्याकडे जातातच. इमारत ओरोसला उभी राहिली, पण झील वेर्ण्यालाच आहे.

मुंबईचंही तेच. केईएम आणि टाटा ही पिढ्यान्‌पिढ्या कोकणी माणसाची रुग्णालयं होती, कारण चाकरमान्याची खोली लालबाग-परळला होती. गिरणी सुटल्यावर वॉर्डात डोकावता यायचं, घरचा डबा चालत पोचायचा. गिरण्या गेल्या, खोल्या विकल्या, मुलं नालासोपारा, दिवा, बदलापूरला गेली. आता तिथून आईला सकाळच्या लोकलने परळला आणायचं तर लेकाची एक रजा आणि आईचे हाल. म्हणून आई गावीच थांबते. मोतीबिंदू मे महिन्यात निघतो, कारण मुलं तेव्हा येतात. गुडघ्याचं दुखणं ‘गणपती होऊंदे’ यावर ठरतं. कोकणात बऱ्याच शस्त्रक्रियांच्या तारखा डॉक्टरच्या डायरीपेक्षा कोकण रेल्वेच्या आरक्षणावर अवलंबून असतात.

आणि आजारी पडलेली बाई घरातली एकटीच हातीपायी धड असेल तर? गोठ्यात गाय, अंथरुणावर सासू, शाळेतून येणारं पोर. ती दुसऱ्याची सोबत करायला कायम हजर, तिच्या सोबतीला कुणी नाही. आशाताई तिला तीन वेळा सांगून जातात, ती तिन्ही वेळा मान डोलावते. सरकारी भाषेत याला ‘जनजागृतीचा अभाव’ म्हणतात. तिला सगळं कळतं, पण सकाळी आठला घर सोडून संध्याकाळी सहाला परतेपर्यंत त्या घराचं काय, हे कुणी सांगत नाही.

हा प्रश्न कोकणापुरता नाही. मराठवाड्यात याच गणिताने भयंकर वळण घेतलं. बीडचं ऊसतोड जोडपं म्हणजे ‘एक कोयता’. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर जातं आणि पाच-सहा महिने कोपीत राहतं. तिथलं आरोग्य केंद्र त्यांचं नव्हे, आणि ज्या आशाताईच्या यादीत बाईचं नाव आहे ती शेकडो किलोमीटर मागे गावात. एक दिवस काम बुडालं की खाडा. मजुरी तर जातेच, वर पैसे कापले जातात. नवरा सोबत आला तर दोघांचा खाडा. मग पाळीचा त्रास, अंगावरून जाणं यावर महिनोन्‌महिने इलाज करत बसायला सवड कुणाला? हंगामाआधी गावाकडच्या खासगी दवाखान्यात ‘पिशवी काढून टाकली’ की एकदाचं सुटलो, हा सल्ला म्हणूनच गळी उतरला. २०१९ मध्ये प्रकरण गाजलं तेव्हा सरकारने विधिमंडळात सांगितलं, की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या गेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायचा नियम आला. डॉक्टरांना लगाम हवाच होता. पण खाडा कापणाऱ्या मुकादमाला कुणाची परवानगी लागत नाही. ज्या कारणाने बाई त्या दारात पोचली, ते कारण फडावर तसंच उभं आहे.

राज्य सरकारने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. महात्मा फुले योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आणि ती सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली झाली. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका दाराशी येते. या तिन्ही गोष्टींनी जीव वाचले आहेत. पण तिन्ही योजना पेशंट एकटाच असतो असं धरून चालतात. उपचार फुकट झाले, पण शेजारी बसणाऱ्याची मजुरी बुडते ती बुडतेच. १०८ घेऊन जाते, पण बरं झाल्यावर परत आणत नाही. रात्री नऊला डिस्चार्जचा कागद मिळालेल्या माणसाने शेवटची एसटी गेल्यावर काय करायचं, याला जीआर नाही.

गाडगे महाराजांना हे फार आधी कळलं होतं. परगावच्या गरिबाला शहरात रात्र काढायला छप्पर हवं म्हणून त्यांनी धर्मशाळा उभारल्या. आज दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा टाटामध्ये येणाऱ्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. उपचार टाटाचे, पण तिथे टिकून राहायची सोय धर्मशाळेची. जिल्हा रुग्णालयांच्या आराखड्यात अशी इमारत पहिल्या टप्प्यात असायला हवी. ती कायम ‘निधी उपलब्ध झाल्यास’ या रकान्यात असते.

वेळेचं भान ठेवलं की काय होऊ शकतं हे मुंबई महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’ने दाखवलं. सकाळी ७ ते दुपारी २ आणि ३ ते रात्री १० अशा दोन पाळ्या लावल्या. कामावरून सुटलेल्या माणसाला खाडा न करता डॉक्टर भेटू शकतो, इतकी साधी गोष्ट. तालुक्याच्या ठिकाणी मोठ्या ओपीडीची वेळ अजून डॉक्टरांच्या सोयीने ठरते, आणि एसटीचं वेळापत्रक डेपोच्या. आगारप्रमुख आणि वैद्यकीय अधीक्षक एका टेबलाशी बसून वेळा जुळवतायत, असं दृश्य माझ्या तरी पाहण्यात नाही. बांबोळीला जाणाऱ्यांसाठीही हेच लागू आहे. ते जाणारच, तर त्यांना अडवण्याऐवजी दोन्ही राज्यांनी बिलाचा आणि कागदपत्रांचा कायमचा करार करावा. दर दोन-चार वर्षांनी एका आजारी म्हातारीने रेशनकार्डाची झेरॉक्स हातात धरून दोन सरकारांमधला तंटा सोडवायचा, हे दोघांनाही शोभत नाही.

यातली बरीच कामं पैशाची आहेत, त्यांना वेळ लागेल. एक मात्र फुकटात आणि याच महिन्यात होण्यासारखं आहे. केसपेपरवर नाव, वय, लिंग, पत्ता लिहितात. त्यात एक रकाना वाढवा. सोबत कोण आलं, कुठून आलं, आज कुठलं काम सोडून आलं. सिंधुदुर्गातल्या प्रत्येक सरकारी ओपीडीत हे वर्षभर लिहून घ्या, गोव्याला विनंती करून बांबोळीतही घ्या, आणि जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत खाटांच्या आकड्यांशेजारी तो कागद ठेवा. मग ओरोसच्या इमारतीवर आणखी एक मजला हवा की रात्री आठची एसटी हवी, यावर निदान माहितीनिशी भांडता येईल.