घरटं उघडं पाडून फोटो? ही शिकारच!

पातूरकरांनो, थोडं कडू बोलतो. कापशी तलावावर, पातूरच्या जंगलात पक्ष्यांचे फोटो जरूर काढा. पण घरट्यासमोरच्या फांद्या तोडून, मोबाईलवर नवरंगाचा आवाज वाजवून काढलेल्या फोटोखाली "मस्त क्लिक भाऊ" लिहिणं आता बंद करा.

तो आवाज ऐकून नर येतो, तो पोज द्यायला नाही. हद्दीत दुसरा नर घुसला समजून भांडायला येतो. पिलांना चारा भरवायचा वेळ त्यात जातो. टिटवी तर उघड्या जमिनीवर अंडी घालते. तिला उठवून तुम्ही तिथं ठाण मांडलं, तर मे महिन्याच्या उन्हात अंड्यांचं काय होईल, हे अकोला जिल्ह्यात सांगावं लागते का?

"आम्ही काय शिकार करतो का?" म्हणणाऱ्यांनी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ वाचावा. वन्यपक्ष्यांची अंडी किंवा घरटी छेडणं शिकारीच्या व्याख्येतच बसतं. बंदुकीऐवजी कॅमेरा, एवढाच फरक.

लांबून, गाडीत बसून काढा. घरट्याचा फोटो अन् ठिकाण ग्रुपवर टाकू नका. कोणी टाकलाच, तर लाईक नको. खाली फक्त विचारा: कायले, भाऊ?