बिदरच्या भाच्याचं आरमार

बिदर जिल्ह्यातल्या भालकीचा माझा भाचा समुद्रापासून शेकडो मैल दूर वाढला. मी जन्माचा दर्याकाठचा. तरी संगणकावरच्या आरमारी खेळात तो दर रविवारी माझी विमानवाहू नौका बुडवतो.

माझं चुकतं कुठे? नौका मोठी, म्हणून मी ती पुढे काढतो. तो आपली मागे दडवतो आणि एखादी विनाशिका मुद्दाम माझ्या नजरेस पाडतो. मी सगळी विमानं तिच्यावर सोडतो. ती परतून इंधन भरत असतानाच त्याचा हल्ला येतो. १९४२ साली मिडवेला जपान्यांनी अशाच गडबडीत चार विमानवाहू नौका गमावल्या.

‘‘मामा, लढतात ती विमानं. नौकेनं लपायचं असतं,’’ भाचा म्हणतो.

खरंच आहे. १९७१ मध्ये पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी ‘विक्रांत’ला शोधत विशाखापट्टणमला आली. तिथे जुनी ‘राजपूत’ विक्रांत असल्याचा आव आणून संदेश धाडत होती. विक्रांत होती अंदमानात. गाझी बुडाली आणि विक्रांतची विमानं चितगाववर गेली.

आम्हां गोंयकारांना विक्रांतचा अभिमान आहे, तो तिच्या आकाराचा. माझ्या मते तो तिच्या लपण्याचाही हवा. संगणक आकाराला भितो. माणूस भीत नाही, तो वाट पाहतो.

हरल्याचं दुःख मी फारसं करत नाही. बिदरच्या बहमनी दरबारातल्या महमूद गवानाने १४७२ साली जमिनीवरून आणि समुद्रातूनही चाल करून गोवा घेतला होता. बिदरकरांची ही काही पहिली खेप नव्हे!