अठरानंतर काय?

दिवाळी जवळ आली की विशेष कार्यशाळांत पणत्या रंगवण्याची लगबग सुरू होते. पॅकिंगच्या टेबलावर एक पुठ्ठा असतो, त्यावर बारा गोल काढलेले. बारापर्यंत मोजता न येणारा तरुण एकेका गोलावर एकेक पणती ठेवत जातो. गोल भरले की डझन झालं, खोकं बंद. याला काही जमणार नाही, असं ज्याच्याबद्दल सगळे म्हणत आले, तो दिवसभर बिनचूक काम करतो.

यंदाचा आमचा विशेष विभाग शाळा सुटलेल्या दिव्यांग मुलामुलींवर आहे. शाळा असते तोवर घराचं सगळं मार्गी लागलेलं असतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. दहावी-बारावीला लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो. अठरा पूर्ण झाली की विशेष शाळेचा दाखला हातात पडतो. मूल बौद्धिक दिव्यांग असेल तर कायदेशीर पालकत्वासाठी आईवडिलांना जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. कागद जमतात, पण सोमवारी सकाळी डबा भरून मुलाला पाठवायचं कुठे?

कायद्यात पुढच्याही तरतुदी आहेत. उच्च शिक्षणात ५ टक्के जागा, सरकारी नोकरीत ४ टक्के. मात्र त्या चारांतला एकच टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून आहे. खासगी क्षेत्रावर सक्ती नाही. आणि आरक्षणातून कॉलेजात पोचलेली व्हीलचेअरवरची मुलगी दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गापाशी अडते. तो वर्ग तळमजल्यावर आणायला शासन निर्णय लागत नाही, प्राचार्यांनी मनावर घेतलं तरी पुरे. या मुलांचं पुढचं आयुष्य अशा साध्या सोयींवाचून खोळंबलं आहे, असं आमचं ठाम मत आहे.

कार्यशाळांच्या पणत्या आवर्जून घ्या. आणखी एक मागणं आहे. आमच्या वाचकांत कारखानदार आहेत, दुकानदार आहेत, पतसंस्था चालवणारे आहेत. सुट्टी संपली की जवळच्या कार्यशाळेत जा, तिथल्या शिक्षकांना आपल्याकडची कामं सांगा आणि कोणतं काम कोणाला जमेल ते विचारा. त्यांना प्रत्येक मूल ठाऊक असतं. मग निदान एकाला तरी बाराही महिन्यांच्या पगारावर कामाला घ्या.