दार उघडे, पण पूल मोडका

“कष्टकऱ्याच्या मुलाला तत्त्वज्ञान शिकवून काय साधायचे? त्याच्या हाताला कसब द्या, म्हणजे तो आपल्या पायावर उभा राहील.” हे उद्गार एखाद्या सरकारी समितीच्या अहवालात आढळले असते, तर नवल नव्हते. खेद याचा वाटतो की, आपल्या अभ्यासशिबिरांतूनही आता हेच ऐकू येते, आणि तेही प्रामाणिक कार्यकर्त्यांच्या तोंडून, पुरोगामी विचार म्हणून. समर्थनार्थ दाखला दिला जातो तो अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा. त्या धनाढ्य देशानेही गरिबांसाठी दोन वर्षांची स्वस्त, व्यवसायोपयोगी कॉलेजे काढली, मग आपण का काढू नयेत, असा हा युक्तिवाद असतो. दाखला खोटा नाही, पण तो अर्धाच आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग आपल्या वाचकांपुढे ठेवणे अगत्याचे वाटते.

कम्युनिटी कॉलेजची कल्पना जन्माला आली, ती कारागीर घडवण्यासाठी नव्हे. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी, तेथील हायस्कूलला जोडूनच, सहा विद्यार्थ्यांना विद्यापीठातील पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकवण्यास प्रारंभ झाला. ज्यांना घर सोडून दूरच्या विद्यापीठात राहणे परवडत नाही, त्यांनी दोन वर्षे गावातच शिकावे आणि मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला दाखल व्हावे, एवढाच हेतू. पुढे १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा कॉलेजांचे जाळे देशभर विणावे आणि पहिली दोन वर्षे विनाशुल्क असावीत, अशी शिफारस केली. चरितार्थाचे शिक्षण आणि नागरिक घडवणारे सामान्य शिक्षण एकाच छपराखाली नांदावे, ही त्या आयोगाची धारणा होती. म्हणजे उद्योगशिक्षणाला तेथे मानाचे स्थान होतेच. मात्र भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, गणित आणि विज्ञान, ज्यांना तिकडे एकत्रितपणे लिबरल आर्ट्स म्हणतात, त्यांना हुसकावून ते स्थान दिलेले नव्हते.

या विचाराचा सर्वांत भव्य आराखडा कॅलिफोर्नियाने १९६० साली केला. शाळेतून उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठात, वरच्या एकतृतीयांशांना राज्य महाविद्यालयांत आणि उरलेल्या सर्वांना द्विवर्षीय कॉलेजांत प्रवेश, अशी ही तीन मजली रचना होती. तिच्यात उतरंड होती हे उघड आहे. पण ती सह्य व्हावी म्हणून एक वचनही दिलेले होते: खालच्या मजल्यावर दोन वर्षे नीट अभ्यास करणाऱ्याला वरच्या मजल्यावर जागा मिळेल. त्या जागा मोकळ्या राहाव्यात म्हणून विद्यापीठांनी आपले सुमारे साठ टक्के पदवी-विद्यार्थी वरच्या दोन वर्षांत ठेवावेत, असेही ठरले होते. उतरंडीचे नैतिक समर्थन या एका जिन्यावर उभे होते.

या वचनाचे आज काय झाले आहे? अमेरिकेत आज एक हजारांहून अधिक कम्युनिटी कॉलेजे आहेत, आणि त्यांत पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के चार वर्षांची पदवी घ्यायची आकांक्षा बाळगून येतात. प्रत्यक्षात चार वर्षांच्या संस्थेत पोचतात ते जेमतेम एकतृतीयांश, आणि सहा वर्षांत ती पदवी हाती पडते ती शंभरातील सुमारे सोळा जणांच्या. कृष्णवर्णीय आणि निर्धन कुटुंबांतील मुलांचे प्रमाण तर याहूनही कमी आहे. ही मुले मुळातच कच्ची, असे कोणी म्हणेल, तर त्याला उत्तर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पदवीधरांपैकी चतुर्थांशाहून अधिक जण कम्युनिटी कॉलेजातूनच आलेले असतात, आणि एकदा तेथे पोचल्यावर पदवी पुरी करण्यात ते थेट प्रवेश घेतलेल्यांच्या जवळपास बरोबरीने चालतात. दोष मुलांच्या डोक्यात असता, तर हे घडते ना.

दोष वाटेत आहे. विद्यार्थी कॉलेजात इतिहासाचा किंवा मानसशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा करतो, त्याचे श्रेयांक मिळवतो. विद्यापीठ ते श्रेयांक नाकारते, किंवा तोंडदेखले स्वीकारून ऐच्छिक विषयांच्या खात्यात टाकते. मुख्य विषयासाठी त्यांचा उपयोग नसतो, म्हणून तोच भाग पुन्हा शिकावा लागतो आणि त्याचे शुल्क पुन्हा भरावे लागते. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ च्या अहवालात असा अंदाज दिला की, संस्था बदलणाऱ्या सर्व प्रकारच्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक या बदलीत बुडाले. सावकाराच्या वहीत गरिबाचा भरणा असाच गहाळ होत असे, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्यात हा विद्यार्थी बहुधा दिवसा काम करून संध्याकाळी शिकणारा. त्याचे प्राध्यापकही बहुसंख्येने अर्धवेळ, तासांवर नेमलेले, आज या कॉलेजात तर उद्या त्या कॉलेजात मोटार हाकत जाणारे. कोणता विषय घेतला तर पुढे चालेल, हे त्याला बसून सांगणार कोण?

समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० सालीच, म्हणजे कॅलिफोर्नियाचा आराखडा झाला त्याच वर्षी, या कॉलेजांच्या एका न बोललेल्या कार्यावर बोट ठेवले होते. विद्यार्थ्याला कोणी ‘तू नालायक आहेस’ असे सांगत नाही. चाचण्या, सल्लामसलत आणि पर्यायी अभ्यासक्रम यांच्या द्वारे त्याची आकांक्षा हळूहळू थंड केली जाते आणि अखेरीस ‘हेच आपल्याला जमण्यासारखे होते’ असे तो स्वतःच म्हणू लागतो. या प्रक्रियेसाठी क्लार्क यांनी वापरलेला शब्दप्रयोग मुळात ठगांच्या बोलीतला आहे. एखाद्याला लुबाडल्यावर त्याने आरडाओरडा करू नये म्हणून टोळीतला एक जण मागे राहून त्याची समजूत घालतो. ज्या व्यवस्थेचे वर्णन करायला ठगांची बोली उसनी घ्यावी लागते, ती आपण आदर्श म्हणून मिरवावी काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मानव्यविद्या निरुपयोगी असतील, तर अमेरिकेतील धनिक आपल्या मुलांना त्याच शिकवणाऱ्या खाजगी कॉलेजांना अफाट शुल्क का मोजतात? ज्यांनी पुढे कायदे करायचे, वृत्तपत्रे चालवायची, न्यायासनावर बसायचे, त्यांना इतिहास आणि तत्त्वज्ञान लागते. ज्यांनी ते कायदे पाळायचे, त्यांना मात्र कसब पुरे. ही श्रमविभागणी नव्हे. ही श्रमिकांची विभागणी आहे. ‘श्रमिकांची विभागणी’ हा विचार आपल्याला कोणी दिला, याची आठवण करून द्यायला हवी काय? १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला गेले, ते अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र शिकायला. भारतातील जातींवरचा त्यांचा १९१६ चा निबंध कोलंबिया विद्यापीठाच्या मानववंशशास्त्राच्या वर्गातच वाचला गेला. त्या वेळी एखाद्या हितचिंतकाने ‘आधी पोटाचे बघा, एखादे कसब शिका’ असा सल्ला देऊन त्यांना थंड केले असते, तर या देशाचे किती नुकसान झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

यावर आपले मित्र म्हणतील, “सगळेच काही आंबेडकर नसतात, घरात चूल पेटायची आहे.” ही हरकत खरी आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. परिचारिका, वीजतंत्री, वेल्डर यांचे शिक्षण कमी प्रतीचे आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण चूल की पुस्तक, ही निवड गरिबापुढेच का ठेवली जाते? निवड टाळता येते, हेही त्याच अमेरिकेने दाखवले आहे. न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने २००७ पासून आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एक योजना चालवली. तिच्यात विद्यार्थ्याला उरलेले शुल्क माफ, प्रवासाचा पास, पुस्तकांसाठी साहाय्य आणि वारंवार भेटणारा सल्लागार मिळतो. तीन कॉलेजांत शास्त्रशुद्ध तुलना झाली, तेव्हा तीन वर्षांत द्विवर्षीय पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण २२ वरून ४० टक्क्यांवर गेल्याचे आढळले. मुले तीच होती. बदलला होता तो आधार.

आणि जेथे लोक लढले, तेथे संस्थाही टिकल्या. याच नगर विद्यापीठाने १८४७ पासून चालत आलेले विनाशुल्क शिक्षण १९७६ च्या आर्थिक संकटात संपुष्टात आणले. ब्राँक्स भागातील होस्टोस कॉलेज तर बंदच करण्याचा घाट घातला गेला. तेव्हा त्या प्वेर्तोरिकन आणि कृष्णवर्णीय वस्तीतील विद्यार्थी, शिक्षक आणि रहिवासी यांनी इमारतीचा ताबा घेऊन कॉलेज वाचवले. शुल्क मात्र परतले नाही, ते वाढतच गेले. कॅलिफोर्नियानेही १९८४ मध्ये आपल्या द्विवर्षीय कॉलेजांना शुल्क लावले. शिक्षणाचा हक्क एकदा मिळवला की तो कायमचा आपला झाला, असे समजणाऱ्यांनी ही दोन वर्षे ध्यानात ठेवावीत.

हे सारे दूरदेशीचे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या वाटेवर बाहेर पडण्याचे टप्पे आखून दिले आहेत: एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. श्रेयांक पेढीत जमा राहतील आणि परत येता येईल, असे आश्वासनही आहे. कागदावर ते सुंदर आहे. कॅलिफोर्नियाचेही कागदावर सुंदरच होते. बाहेर पडायला लागते ती घरची अडचण, ती तर आपल्याकडे मुबलक आहे. परत यायला लागतात शिष्यवृत्ती, वसतिगृह, पूर्णवेळ प्राध्यापक आणि श्रेयांक विनातक्रार मानणारे विद्यापीठ. यांपैकी कशाची हमी धोरणात आहे? ती नसेल, तर ऊसतोड कामगाराची मुलगी पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन घरी बसेल, आणि तिची गळती झाली असे म्हणण्याऐवजी तिने ‘बहिर्गमनाचा पर्याय निवडला’ अशी नोंद होईल.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी कौशल्यशिक्षणाच्या घोषणेला टाळ्या देण्यापूर्वी आपापल्या तालुक्यातील महाविद्यालयात जाऊन काही प्रश्न विचारावेत. येथे कला शाखेचे किती विषय बंद झाले? तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक किती? पहिल्या वर्षानंतर किती मुले बाहेर पडली, आणि त्यांतली किती परत आली? या उत्तरांची यादी हाती घेऊन विद्यापीठाच्या दारात जावे. आपल्या मुलांसाठी आपण मागतो आहोत तो वरच्या मजल्यापर्यंत पोचणारा जिना, आणि त्या जिन्याची एकही पायरी आम्ही कसबाच्या नावाखाली काढू देणार नाही, हे तेथे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.