गोळीची धार बोथट होण्यापूर्वी

एप्रिल 2020 मध्ये हिवतापाच्या औषधांच्या कुळातील एक गोळी अचानक परराष्ट्र धोरणाचा विषय झाली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या निर्यातीवर केंद्राने बंदी घातली, अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ती उठवण्याचा आग्रह धरला आणि काही दिवसांतच बंदी शिथिल झाली. पुढे ती गोळी करोनावर निरुपयोगी ठरली आणि चर्चाही विरली. मात्र ज्या रोगासाठी हे कूळ जन्माला आले, त्या हिवतापाच्या औषधांकडे राजधानीचे इतके लक्ष क्वचितच जाते. 2027 पर्यंत देशांतर्गत लागण शून्यावर आणायची आणि 2030 पर्यंत रोगाचे उच्चाटन करायचे, अशी प्रतिज्ञा केंद्राने केली असताना ही उदासीनता परवडणारी नाही.

सरकारची बाजू लंगडी आहे, असे नव्हे. 2015 मध्ये 11 लाख 69 हजारांवर असलेली नोंदलेली रुग्णसंख्या 2023 मध्ये 2 लाख 27 हजारांवर आली. मृत्यू 384 वरून 83 पर्यंत घटले. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये सर्वाधिक भार असलेल्या देशांच्या गटातून भारताला वगळले. अर्थात, 2023 साठी याच संघटनेचा अंदाज सुमारे 20 लाख रुग्णांचा आणि 3,500 मृत्यूंचा आहे. खासगी दवाखान्यांत उपचार घेणारे अनेक जण सरकारी नोंदीत येतच नाहीत, हे या तफावतीचे एक कारण. पण आकड्यांच्या वादाहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. संसदेत हिवतापाचा विषय निघाला की राज्यनिहाय रुग्ण आणि मृत्यूंचे तक्ते सभापटलावर येतात. दिलेली औषधे अजून लागू पडतात काय, आणि रुग्ण ती पूर्ण घेतात काय, हे त्या तक्त्यांतून कळत नाही.

या प्रश्नाची किंमत देशाने एकदा मोजली आहे. 1953 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेमुळे 1965 च्या सुमारास रुग्णसंख्या लाखापर्यंत खाली आली होती. विजय झाला असे मानून यंत्रणा सैलावली, डास डीडीटीला दाद देईनासे झाले आणि 1976 मध्ये रुग्णांचा आकडा 64 लाखांवर गेला. त्याच काळात, 1973 मध्ये, आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये क्लोरोक्विनला न जुमानणारा फॅल्सिपेरम परजीवी प्रथम आढळला. हाच परजीवी मेंदूचा जीवघेणा हिवताप घडवतो. तो प्रतिरोध पसरत गेल्याने अखेर 2010 मध्ये फॅल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त उपचार देशभर लागू करावा लागला. त्यातील जोडीचे औषध, सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन, ईशान्येत निष्प्रभ होऊ लागले, म्हणून 2013 मध्ये तेथे आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन आणले गेले. दरवेळी औषध बदलले ते परजीवी पुढे गेल्यानंतर.

आता चिंता खुद्द आर्टेमिसिनिनची आहे. त्याला दाद न देणारा परजीवी कंबोडिया-थायलंड सीमेवर, पुढे म्यानमारमध्ये आणि अलीकडे रवांडा-युगांडातही आढळला. म्यानमारला खेटून असलेली ईशान्येची राज्ये त्यामुळे या लढ्याच्या सीमाचौक्याच होत. आर्टेमिसिनिन एकटेच दिले की प्रतिरोधाला वाट मिळते, म्हणून 2009 मध्ये देशात त्याच्या एकल गोळ्यांवर बंदी आली. पण बंदीचा आदेश दिल्लीत निघतो आणि औषध गावच्या दुकानात विकले जाते, हे अंतर कागदाने मिटत नाही.

अर्धवट उपचाराचा प्रश्न त्याहून नाजूक. व्हायव्हॅक्स हिवतापात क्लोरोक्विन तीन दिवस, तर प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. ताप तीन-चार दिवसांत उतरला की मजुरीवर निघालेला माणूस उरलेल्या गोळ्या विसरतो. यकृतात दडलेला परजीवी काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो. शिवाय जी-6-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांना प्रायमाक्विनने रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो आणि गर्भवतींना तर ते देताच येत नाही. तेव्हा नुसते गोळ्यांचे वाटप पुरेसे नाही. चाचणी आणि पाठपुरावाही हवा.

एका औषधाने दुसऱ्याला मारण्याचाही धोका आहे. क्षयाच्या उपचारातील रिफाम्पिसिन शरीरातील ल्युमेफँट्रिनचे प्रमाण बरेच घटवते. हे दोन्ही रोग अनेकदा त्याच आदिवासी वस्त्यांत, कधी एकाच शरीरात भेटतात. त्यांचे राष्ट्रीय कार्यक्रम मात्र वेगळे. आरोग्यसेविकेच्या हातात हिवतापाची गोळी देताना ‘क्षयाचे औषध चालू आहे काय’ हा एक प्रश्न तिच्या सवयीचा झाला, तर तो एखाद्या परिपत्रकाहून अधिक मोलाचा ठरेल.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे आहे, औषधे समवर्ती सूचीत. या वाटणीचा उपयोग जबाबदारी ढकलण्यासाठी होऊ नये. दुर्गम वाड्यांवर जाऊन सर्वांची तपासणी करण्याची वाट ओडिशाने दाखवली आहे; बस्तर आणि गडचिरोलीलाही याच पद्धतीची गरज आहे. केंद्राने औषधांच्या परिणामकारकतेच्या चाचण्यांचे निष्कर्ष दरवर्षी संसदेपुढे मांडावेत, खासगी दवाखान्यांतील नोंद सक्तीने घ्यावी आणि प्रायमाक्विनचा कोर्स किती रुग्णांनी पूर्ण केला, याचा रकाना तक्त्यात वाढवावा. खासदारांनीही आकडा घटला काय, एवढेच विचारून थांबू नये.

1965 चा आकडाही समाधानकारकच होता. त्यानंतरच्या अकरा वर्षांत काय घडले, ते विसरून 2027 चा ताळेबंद मांडता येणार नाही.